प्लेटलेट्स का पडल्या? रक्त आणि प्रतिकारशक्तीबद्दल तुमचे प्रश्न

दिवाळी उलटली, पुण्यात पहाटे स्वेटर निघायला लागले, तरी डेंग्यूचे पेशंट काही थांबलेले नाहीत आणि यावेळी आलेल्या पत्रांत अर्ध्याहून जास्त पत्रं प्लेटलेट्सचीच, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या बारीक पेशींचीच आहेत. बऱ्याच जणांनी रिपोर्टचा फोटो पाठवून खाली एवढंच लिहिलंय, "मॅडम, काळजीचं आहे का?" नुसत्या फोटोवर मला उत्तर देता येत नाही, खरंच येत नाही, कारण तोच आकडा असलेला एक माणूस घरी बसून बरा होतो आणि दुसऱ्याला रातोरात ॲडमिट करावं लागतं. त्यामुळे ज्यांनी काय होतंय, कधीपासून होतंय हे जरा सविस्तर लिहिलं त्यांची पत्रं घेतली आहेत, नावं काढून.

सिंहगड रोडवरून एक आई लिहितात: मुलगी साडेचार वर्षांची आहे. पंधरा दिवसांपूर्वी साधा सर्दी-ताप येऊन गेला, बरी झाली, शाळेत पण गेली. मग सोमवारी अंघोळ घालताना दोन्ही पायांवर लाल टिकल्या दिसल्या, आधी वाटलं डास चावले, पण मांडीवर काळंनिळं पण होतं आणि ती कुठे पडली नव्हती. प्लेटलेट्स 14,000 आल्या. डॉक्टर म्हणतात औषध नको, घरी न्या, आठवड्याने परत दाखवा. घरी सगळे माझ्यावर चिडलेत, सासरे म्हणतात दुसरीकडे नेऊन प्लेटलेट्स चढवून आण. मी काय करू?

ताई, तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमच्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलंय असंच मला वाटतं. "काही करू नका" हे सांगणं डॉक्टरला सगळ्यात अवघड जातं, औषध लिहून देणं त्यापेक्षा खूप सोपं असतं.

आधी त्या टिकल्यांचं बघू. काचेचा साधा पारदर्शक ग्लास घ्या, एका टिकलीवर हलकेच दाबा आणि काचेतून बघा. डास चावला असेल किंवा साधं पुरळ असेल तर दाबल्यावर तांबडेपणा विरतो, ही टिकली मात्र तशीच दिसत राहते, कारण ते थेंबभर रक्त बारीक रक्तवाहिनीतून बाहेर येऊन कातडीत बसलेलं असतं. चालताना उभं राहताना पायांवर दाब जास्त म्हणून पायांवर आधी दिसतात. (एक गोष्ट इथेच सांगून ठेवते, अशा न विरणाऱ्या टिकल्या आणि सोबत चढता ताप, मूल मलूल पडलेलं, असं असेल तर ग्लास वगैरे बाजूला ठेवा आणि तडक हॉस्पिटल गाठा, तो वेगळा आणि गंभीर प्रकार असू शकतो.)

मुलीला जे झालंय त्याला आयटीपी म्हणतात. सर्दीचा व्हायरस आला, शरीराने त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार केल्या, व्हायरस गेला, पण त्या गडबडीत काही अँटिबॉडी तिच्या स्वतःच्याच प्लेटलेट्सना जाऊन चिकटायला लागल्या. डाव्या बरगड्यांच्या खाली प्लीहा असते, तिचं कामच रक्तातलं जुनं-खराब उचलून टाकणं, ती अँटिबॉडी चिकटलेली प्रत्येक प्लेटलेट खराब समजून गिळून टाकते. एरवी प्लेटलेट आठ-दहा दिवस जगते, इथे काही तासांत संपते. म्हणजे कारखाना चालू आहे, उलट जोरात चालू आहे, माल रस्त्यात लुटला जातोय. आता सासऱ्यांच्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं, बाहेरून चढवलेल्या प्लेटलेट्सना पण तीच अँटिबॉडी चिकटणार आणि त्या पण तशाच जाणार. जिवावर बेतेल असा रक्तस्राव होत असेल तर बाकीच्या औषधांबरोबर प्लेटलेट्स देतात, नुसता आकडा वर दिसावा म्हणून देत नाहीत.

हे सगळं कळलं कसं त्याची एक गोष्ट आहे, सासऱ्यांना पण सांगा. 1950 मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला विल्यम हॅरिंग्टन नावाचा तरुण डॉक्टर होता. आयटीपी असलेल्या एका बाईंचं जवळपास अर्धा लिटर रक्त त्याने स्वतःच्या अंगात घेतलं, रक्तगट जुळत होता म्हणून. काही तासांत त्याच्या प्लेटलेट्स कोसळल्या, अंगावर टिकल्या आल्या, काळंनिळं झालं, फिटसुद्धा आली. आणि मग चार-पाच दिवसांत प्लेटलेट्स आपोआप वर आल्या. त्याची बोन मॅरो, म्हणजे रक्तपेशी जिथे बनतात तो हाडांतला मगज, तपासली तर प्लेटलेट्स बनवणाऱ्या पेशी शाबूत होत्या. दोष कारखान्यात नाही, रक्तात काहीतरी आहे जे प्लेटलेट्स मारतंय, हे त्याने स्वतःचा जीव धोक्यात घालून दाखवलं. आज कुठलीही एथिक्स कमिटी असला प्रयोग करू देणार नाही, देऊही नये, पण तुमच्या मुलीला आज विनाकारण सुया टोचल्या जात नाहीत त्यात त्या माणसाचा वाटा आहे.

अजून एक, आयटीपीतल्या प्लेटलेट्स थोड्या असल्या तरी ताज्या आणि मोठ्या असतात, कामाला चांगल्या असतात. म्हणून आयटीपीतले 14,000 आणि केमोथेरपी चालू असलेल्या पेशंटचे 14,000 हे एक नव्हेत. लहान मुलांमध्ये दहापैकी सात-आठ जणांच्या प्लेटलेट्स सहा महिने ते वर्षभरात औषधाशिवाय जागेवर येतात, कित्येकांच्या तर दीड-दोन महिन्यांतच. मेंदूत रक्तस्राव होईल ही भीती तुमच्या मनात असणार, तो धोका शंभरात एकापेक्षाही बराच कमी असतो, पण तो आहे म्हणून तर लक्ष ठेवायला सांगतात.

लक्ष म्हणजे काय ते नीट वाचा. तोंडात गालाच्या आतून रक्ताचे काळपट फोड आले, शी काळी किंवा लाल झाली, लघवी लाल झाली, डोक्याला मार लागला, एकदम डोकं दुखून उलट्या व्हायला लागल्या किंवा पोरगी झोपाळू वाटली तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. घोळणा फुटला तर तिला पुढे वाकून बसवा आणि नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून घड्याळ लावून दहा मिनिटं दाबा, मध्ये सोडून बघायचं नाही, डोकं मागे टाकायचं नाही, कांदा हुंगवत बसायचं नाही, आणि वीस मिनिटांनीही थांबला नाही तर हॉस्पिटल. ताप आला तर पॅरासिटामॉल चालेल, आयब्युप्रोफेन आणि ॲस्पिरिन नको. दंडात-कुल्ल्यात इंजेक्शन घ्यायच्या आधी डॉक्टरांना सांगा. सायकल, घसरगुंडी आणि सोफ्यावरून उड्या महिनाभर बंद, बाकी घरात खेळू दे.

बोन मॅरो करायची का असं तुम्ही शेवटी विचारलंय. मूल खेळतंय, गाठी नाहीत, प्लीहा-लिव्हर वाढलेली नाही, हिमोग्लोबिन आणि पांढऱ्या पेशी बरोबर आहेत आणि स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब, अनुभवी माणसाने डोळ्यांनी बघितलाय, तर सुरुवातीला गरज नसते. हे शेवटचं मात्र खात्री करून घ्या, रिपोर्टवर स्मिअरबद्दल दोन ओळी लिहिलेल्या असल्या पाहिजेत. आणि सासऱ्यांचा नातीवर जीव आहे म्हणूनच ते चिडतायत, पुढच्या तपासणीला त्यांनाही बरोबर न्या, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की फरक पडतो.

हडपसरहून एक वाचक, वय 38: इन्शुरन्ससाठी हेल्थ चेकअप केला, प्लेटलेट्स 42,000. परत केला तर 38,000. मला काहीच त्रास नाही, दाढी करताना कापलं तर रक्त लगेच थांबतं. आता बोन मॅरो करायला सांगितलंय, घरात कोणी जेवत नाहीये नीट.

तुम्ही दाढीचं लिहिलंत ते फार बरं केलंत, माझ्यासाठी आकड्यापेक्षा ती ओळ मोलाची आहे. बोन मॅरोच्या आधी एक साधी गोष्ट करा, पुढच्या वेळी रक्त देताना जांभळ्या झाकणाच्या ट्यूबबरोबर निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्येही रक्त घ्यायला सांगा आणि दोन्हींचा काउंट लगेच करायला सांगा.

जांभळ्या ट्यूबमध्ये ईडीटीए नावाचं रसायन असतं, ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं म्हणून रक्त गोठत नाही. पण काही लोकांच्या रक्तात एक अशी अँटिबॉडी असते की कॅल्शियम गेल्यावर प्लेटलेटच्या अंगावरचा एरवी झाकलेला भाग उघडा पडला की ती तिथे जाऊन चिकटते, आणि प्लेटलेट्सचे गठ्ठे होतात. मशीन एकेक प्लेटलेट मोजतं, दहा-वीस प्लेटलेट्सचा गठ्ठा त्याला मोजता येत नाही, आणि आकडा येतो 42,000. अंगातल्या रक्तात असं काही होत नसतं, हे फक्त ट्यूबमध्ये होतं, आणि जितका वेळ ट्यूब पडून राहील तितकं जास्त होतं. काचेवर बघितलं तर शेवटाकडे, जिथे थर पातळ होतो तिथे, जांभळट दाण्यांचे झुबके दिसतात, एकदा ओळखीचे झाले की चुकत नाहीत. निळ्या ट्यूबमध्ये सायट्रेट असतं, त्यात बहुतेकांचे गठ्ठे होत नाहीत. फक्त त्यात रक्त थोडं पातळ होतं म्हणून आलेल्या आकड्यात दहा टक्के वाढवून धरतात.

हे माझ्या स्वतःच्या घरात झालंय. माझ्या मोठ्या भावाचं हर्नियाचं साधं ऑपरेशन, मी तेव्हा परगावी, एका लॅबने 31,000 असा रिपोर्ट दिला, ऑपरेशन रद्द, कुणीतरी स्टिरॉइड पण चालू केलं. मी आल्यावर काच मागवून बघितली, झुबकेच झुबके. खरा काउंट दोन लाखांच्या वर होता. आठ दिवस घेतलेल्या स्टिरॉइडने त्याची साखर वाढली ती वेगळीच. त्या लॅबमध्ये मशीन उत्तम होतं, पण 31,000 आल्यावर कुणी काच बघितली नव्हती, याचं मला आजही वाईट वाटतं. तुमचंही असंच निघालं तर कागदावर लिहून घ्या, "ईडीटीएमध्ये प्लेटलेट्सचे गठ्ठे होतात", आणि तो कागद पाकिटात ठेवा, पुढच्या प्रत्येक ऑपरेशनच्या वेळी लागेल. नाही निघालं तर मग पुढच्या तपासण्या आहेतच.

कोथरूडमधून, हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलाचे वडील (गाव सांगली): मुलाला डेंग्यू, आज सहावा दिवस, ताप उतरलाय पण प्लेटलेट्स 60,000. मित्र पपईच्या पानांचा रस देतायत. प्लेटलेट्सची पिशवी शोधून ठेवू का?

नको. रक्तस्राव होत नसेल तर 60,000 ला पिशवी लागत नाही, साधारण 10,000 च्या खाली गेल्यावर किंवा रक्तस्राव सुरू झाल्यावर डॉक्टर त्याचा विचार करतात. पण तुमच्या पत्रातलं "ताप उतरलाय" हे वाचून मला जास्त काळजी वाटली, कारण डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवसच खरे धोक्याचे. लोक त्याच दिवशी निश्चिंत होतात.

डेंग्यूत माणूस दगावतो तो बहुतेक वेळा प्लेटलेट्समुळे नाही. व्हायरसशी लढताना शरीर जी रसायनं सोडतं त्याने रक्तवाहिन्या झिरपायला लागतात, रक्तातलं पाणी पोटात-छातीत उतरतं, रक्त घट्ट होतं, बीपी पडतं. म्हणून रिपोर्टमध्ये हिमॅटोक्रिट किंवा पीसीव्ही (रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती) असं लिहिलेलं असतं तो आकडा बघा, तो वीस टक्क्यांनी वगैरे चढला म्हणजे पाणी झिरपतंय. पोटात सारखं दुखणं, सतत उलट्या, हातपाय गार, लघवी कमी, मुलगा अस्वस्थ किंवा गुंगीत, यातलं एकही असेल तर आत्ता ॲडमिट करा, प्लेटलेट्स लाखभर असल्या तरी.

आधी कधी डेंग्यू झाला होता का तेही विचारा. या व्हायरसचे चार प्रकार आहेत. एकदा एक झाला की त्याच्याविरुद्ध जन्मभर संरक्षण मिळतं, पण दुसरा प्रकार आला की पहिल्या वेळच्या अँटिबॉडी त्याला अर्धवट धरतात, मारू शकत नाहीत, उलट त्याला पेशींच्या आत शिरायला वाट करून देतात. म्हणून दुसऱ्यांदा झालेला डेंग्यू जास्त वाईट होऊ शकतो. प्रतिकारशक्ती म्हणजे नुसती ढाल असं आपल्याला वाटतं, ते तसं सरळ नाही हे मला डेंग्यूने शिकवलं.

पपईच्या रसाने आत्ता मला नको असलेली एक गोष्ट होऊ शकते, ती म्हणजे कडू रस पिऊन उलट्या, आणि त्याला पाणी पोटात राहायला हवंय. ओआरएस, शहाळं, भाताची पेज, ताक, जे जाईल ते घोट घोट. अंगदुखीला आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक नाही. काउंट 60,000 वरून आपोआप वर येईल. आणि शक्य असेल तर तुम्ही दोन दिवस पुण्याला येऊन राहा, मित्र कितीही चांगले असले तरी रात्री तीन वाजता लघवी किती झाली हे विसाव्या वर्षी कुणी विचारत नाही.

चिंचवडहून: माझा रक्तगट बी निगेटिव्ह, मिस्टरांचा ओ पॉझिटिव्ह. पहिलं बाळंतपण नीट झालं, मुलगा पॉझिटिव्ह आहे, तेव्हा इंजेक्शन घेतलं होतं. मध्ये दोन महिन्यांचा गर्भ पडला, तेव्हा घेतलं नाही, कोणी सांगितलंच नाही. आता परत दिवस गेलेत, तिसरा महिना. सासूबाई म्हणतात आमच्या वेळी कुठे होती ही इंजेक्शनं.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा की त्यांच्या वेळी शेजारीपाजारी कितीतरी घरांत पहिलं मूल ठणठणीत आणि मग एकामागून एक मुलं पोटात जाणं किंवा जन्मल्यावर पिवळी पडून जाणं असं व्हायचं, आणि दोष सुनेच्या पायगुणाला दिला जायचा. तो रक्तगटाचा प्रश्न होता.

आपल्याकडे शंभरात साधारण पाच जण निगेटिव्ह असतात. बाळ पॉझिटिव्ह असेल आणि बाळंतपणात त्याचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळलं तर आईची प्रतिकारशक्ती त्या पेशी परक्या म्हणून लक्षात ठेवते. त्या बाळाला सहसा काही होत नाही, तोवर ते बाहेर आलेलं असतं. पुढच्या वेळी मात्र आईच्या अँटिबॉडी वारेतून पलीकडे जाऊन पोटातल्या बाळाच्या तांबड्या पेशी फोडतात. अँटी-डी इंजेक्शन काय करतं, तर आईच्या शरीराला पत्ता लागायच्या आत बाळाच्या त्या भटकलेल्या पेशी साफ करतं, म्हणून आठवणच तयार होत नाही. आणि म्हणूनच ते वेळेत घ्यावं लागतं, बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत, आणि गरोदरपणात 28 व्या आठवड्याला. गर्भ पडला, रक्तस्राव झाला, तेव्हाही आपल्या डॉक्टरांना अँटी-डीबद्दल विचारायचंच.

तुमचं मधलं इंजेक्शन राहिलंय, म्हणून आता लगेच आयसीटी ही तपासणी करा, इनडायरेक्ट कूम्ब्स टेस्ट, तुमच्या रक्तात त्या अँटिबॉडी तयार झाल्यात का हे ती सांगते, उद्याच करा. निगेटिव्ह आली, आणि दोन महिन्यांतला गर्भ होता म्हणून तशी येण्याची शक्यता चांगली आहे, तर पुढचं वेळापत्रक नेहमीसारखं. पॉझिटिव्ह आली तर आता इंजेक्शनचा उपयोग नाही, पण घाबरू नका, बाळाच्या मेंदूच्या रक्तवाहिनीतला वेग सोनोग्राफीवर बघून ॲनिमिया ओळखता येतो आणि गरज पडली तर पोटातल्या बाळाला नाळेतून रक्तसुद्धा देता येतं.

हे इंजेक्शन बहुतेक ठिकाणी माणसांच्याच रक्तातून बनतं. ऑस्ट्रेलियात जेम्स हॅरिसन म्हणून एक गृहस्थ होते, त्यांच्या रक्तात ही अँटिबॉडी भरपूर होती, त्यांनी आयुष्यात 1,173 वेळा रक्त-प्लाझ्मा दिला, 2025 च्या फेब्रुवारीत ते वारले. मी दरवेळी अँटी-डीची ती छोटी बाटली हातात घेते तेव्हा अशा माणसांची आठवण येते.

सदाशिव पेठेतून एक मुलगी, वडील 71: बाबा रोज सकाळी पर्वती चढणारे. तीन आठवड्यांत दम लागायला लागला, डोळे पिवळे, लघवी चहासारखी. हिमोग्लोबिन 5.8. आणि ब्लड बँक म्हणते यांना कुठलंच रक्त जुळत नाही. आम्हाला कोणीतरी सांगितलं यांचा बॉम्बे ग्रुप असेल. सात जणांना फोन करून झाले. काय करायचं?

तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी मी तुम्हाला वेगळं कळवलं होतं, इथे बाकीच्यांसाठी लिहिते.

बॉम्बे ग्रुप खरा आहे. 1952 मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शोधला. या लोकांच्या पेशींवर एच नावाचा मूळ अँटिजेनच (पेशीवरची ओळखखूण) नसतो, साध्या तपासणीत ते ओ ग्रुपचे वाटतात, पण ओ ग्रुपचं रक्तही त्यांना चालत नाही, बॉम्बे ग्रुपचंच लागतं. आपल्याकडे दहा हजारात एखादा. पण बॉम्बे ग्रुपचा माणूस नुसता त्या ग्रुपचा आहे म्हणून पिवळा पडत नाही, त्याचं हिमोग्लोबिन घसरत नाही. तुमच्या बाबांच्या पेशी फुटतायत. डोळे पिवळे, लघवी गडद, रिपोर्टमध्ये एलडीएच वाढलेलं (पेशी फुटल्या की ते रक्तात चढतं), रेटिक्युलोसाइट म्हणजे नवीन तांबड्या पेशी भराभर सोडल्या जातायत, आणि डायरेक्ट कूम्ब्स पॉझिटिव्ह, म्हणजे तांबड्या पेशींना अँटिबॉडी चिकटलेल्या आहेत. ही ऑटोइम्यून हिमोलायटिक ॲनिमियाची लक्षणं आहेत. आयटीपीत जे प्लेटलेट्सचं होतं तेच इथे तांबड्या पेशींचं. आणि ती अँटिबॉडी जवळजवळ प्रत्येक माणसाच्या तांबड्या पेशींना चिकटते, म्हणूनच ब्लड बँकेत कुठलीच पिशवी "जुळत" नाही, बाबांचं स्वतःचं रक्तसुद्धा त्या तपासणीत जुळणार नाही.

तेव्हा सातशे जणांना फोन करून उपयोग नाही. 5.8 ला दम लागतोय, छातीत दुखतंय तर पूर्ण जुळायची वाट बघत बसायचं नसतं, ब्लड बँकेचे डॉक्टर आधी या अँटिबॉडीच्या आड दुसरी एखादी धोकादायक अँटिबॉडी लपलेली नाही ना हे शोधतात आणि मग त्यातल्या त्यात कमी विरोध दाखवणारी पिशवी देतात, सावकाश, शेजारी नर्स उभी ठेवून. हा निर्णय पेशंटचे डॉक्टर आणि ब्लड बँकेचे डॉक्टर यांनी फोनवर बोलून घ्यायचा असतो. नातेवाइकांनी चिठ्ठी घेऊन शहरभर पळायचं हे मला अजिबात पटत नाही. खरा उपचार स्टिरॉइडचा, एक ते तीन आठवड्यांत फरक दिसतो, त्याने नाही भागलं तर रिटुक्सिमॅब नावाचं दुसरं औषध. सोबत फॉलिक ॲसिड. आणि कारण शोधायचं, या वयात लिंफोमा (लसिका गाठींचा कॅन्सर) किंवा लिंफोसाइट या पांढऱ्या पेशींचा सावकाश वाढणारा ल्युकेमिया (ब्लड कॅन्सर) मागे असू शकतो, कधी ल्युपस हा प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटणारा आजार, कधी एखादं औषध.

याचाच एक थंडीतला भाऊबंद आहे, तो पुण्यात डिसेंबर-जानेवारीत दिसतो. सकाळी फिरायला गेलं की बोटांची टोकं, कानाच्या पाळ्या, नाक निळं पडतं, घरात आल्यावर परत गुलाबी. यातली अँटिबॉडी गारठ्यातच पेशींना चिकटते. सकाळी लॅबमध्ये असं सॅम्पल आलं की ट्यूब तिरकी केल्यावर रक्त काचेवरून गुळगुळीत उतरत नाही, रवाळ दिसतं, ओला रवा भिंतीला चिकटावा तसं, आणि मशीन असले आकडे देतं जे शक्यच नाहीत. तीच ट्यूब मुठीत धरून किंवा 37 डिग्रीच्या पाण्यात थोडा वेळ ठेवली की रवा विरघळून रक्त परत सरळ वाहायला लागतं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती ट्यूब चार वेळा गार-गरम करून बघत बसले होते. अशा पेशंटला स्टिरॉइड फारसं लागू पडत नाही, मोजे, हातमोजे, कानटोपी हेच आधी, आणि रक्त द्यायचं झालं तर गरम करून, त्यासाठीच्या यंत्रातून, घरगुती गरम पाण्यात पिशवी बुडवून अजिबात नाही.

बाणेरहून, 29, आयटीपी तीन वर्षं: इम्युनिटी वाढवायला गुळवेलीचा काढा घेऊ का? आई रोज करून देते.

नको गं. तुझी प्रतिकारशक्ती कमी नाहीये, ती चुकीच्या दिशेने काम करतेय, तिला अजून डिवचायचं कशाला. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला सूज आलेले काही पेशंट नोंदवले होते, त्यात ऑटोइम्यून आजार असलेले पण होते. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही, वाद झाला. पण तुझ्यासाठी तो वाद मिटायची वाट बघायची गरज नाही. आईला म्हणावं त्या वेळात मेथीची भाजी कर.

नारायण पेठेतून एक काकू, 56, शुद्ध शाकाहारी: हिमोग्लोबिन 7, पांढऱ्या पेशी 2,900, प्लेटलेट्स 80,000. तिन्ही कमी म्हणजे ब्लड कॅन्सर असं वाचलं. पायाला मुंग्या आणि तळव्यांची आग वर्षभर आहे, ती शुगरमुळे असेल म्हणून सोडून दिली होती. झोप लागत नाही.

काकू, तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द मुंग्या. तांबड्या पेशींचा साइज म्हणजे एमसीव्ही 118 आहे, म्हणजे पेशी फुगून मोठ्या झाल्यात, आणि जीभ गुळगुळीत लाल झालीय असंही तुम्ही लिहिलंय. हे बी-12 च्या कमतरतेचं चित्र आहे, आणि त्यात तिन्ही पेशी कमी होतात, अगदी ल्युकेमियासारख्या दिसाव्यात इतक्या. बी-12 ची लेव्हल करा, स्मिअर करा, स्मिअरमध्ये पांढऱ्या पेशीच्या केंद्राचे पाच-सहा तुकडे दिसले की मला बरं वाटतं, कारण हे इंजेक्शनने बरं होणारं आहे. ल्युकेमिया नाही ना हेही त्याच काचेवर बघून होईल.

आपल्या पुण्यात हे काही विरळ नाही. पुण्याजवळच्या खेड्यांमध्ये 1993 पासून गरोदर बायकांचा जो अभ्यास चालू झाला, पुण्याच्याच केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा, त्यात दर तीनपैकी साधारण दोघींमध्ये बी-12 कमी सापडलं होतं. भाज्यांमध्ये, डाळींमध्ये ते नसतंच, दूध-दह्यात थोडं असतं. पण तुम्ही रोज दोन वाट्या दही आणि दूध घेता म्हणून मी अजून एक तपासणी सुचवते, जठराच्या पेशींविरुद्धच्या आणि इंट्रिन्सिक फॅक्टरविरुद्धच्या अँटिबॉडी. कधी कधी प्रतिकारशक्ती जठरावरच उलटते, बी-12 शोषून घ्यायला लागणारं हे इंट्रिन्सिक फॅक्टर नावाचं प्रथिन बनतच नाही, मग कितीही दही खा, आत जात नाही. तसं असेल तर इंजेक्शन जन्मभर लागतं, मध्ये सोडायचं नाही. आणि शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर त्यानेही बी-12 कमी होतं, डॉक्टरांना गोळ्यांची पूर्ण चिठ्ठी दाखवा.

नुसतं फॉलिक ॲसिड घेऊन बसू नका, हिमोग्लोबिन वाढेल आणि नसांचं नुकसान मात्र आतल्या आत चालू राहील. इंजेक्शन सुरू झाल्यावर आठवड्याभरात रक्तात फरक दिसायला लागेल, तळव्यांची आग कमी व्हायला मात्र महिने लागतात, तेव्हा मध्येच कंटाळून थांबू नका. रिपोर्ट आला की मला कळवा, आणि रात्री उठताना भिंतीचा आधार घेत जा, या आजारात अंधारात तोल जातो.